उंची कमी म्हणून पेस कमी? गोव्यातल्या हौशी धावणाऱ्यांसाठी धागा

पहाटवारा (फोंडा)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून वेगळा धागाच काढते.

माझी उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट एक इंच. वजन ५१ किलो, वय ३८. आठवड्यातून दोन-तीन दिवस घराजवळ, फर्मागुढीच्या चढावर धावते आणि रविवारी पणजीला येते. तिथे आमचा ग्रुप कांपालहून मिरामार, मग दोनापावल आणि परत असा धावतो. १० किमीला मला ६८ मिनिटं लागतात. म्हणजे एका किलोमीटरला ६ मिनिटं ४८ सेकंद, हा माझा पेस.

ग्रुपमधल्या एका अनुभवी गृहस्थांनी मागे मला सांगितलं, "तुझी उंचीच कमी, साडेसहाच्या खाली तू काही येणार नाहीस. यायचंच असेल तर पावलं लांब टाक." ते आपुलकीने बोलले यात शंका नाही. त्यांचं ऐकून मी पावलं लांब टाकू लागले. पेस थोडा सुधारला, पण दोन किलोमीटरांतच धाप लागते. आता डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखायलाही लागलंय, सकाळी जिना उतरताना जास्त.

घड्याळात केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, दिसते. माझ्या नेहमीच्या धावण्यात ती १७२ असते, लांब पावलं टाकली की १६० वर येते.

उंचीचा पेसशी खरंच इतका संबंध आहे का? असेल तर तो मान्य करून मी आनंदाने धावेन. पण नसेल, तर ग्रुपमधल्या आम्हा चार-पाच बुटक्या बायकांना दर रविवारी हे ऐकावं लागतं, ते थांबायला हवं. जाणकारांनी लिहावं.

मांडवीकाठ (पणजी)

चांगला विषय. वाचतोय. हेच वाक्य मीही मिरामारला कानांनी ऐकलंय.

गणिती (पर्वरी)

पहाटवारा, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. लांब पावलं टाकून पेस किती आला होता?

पहाटवारा

६:३५ च्या आसपास. पण तीन किलोमीटरच्या पुढे टिकत नाही.

गणिती

मग हिशोब करू. वेग म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं गुणिले एका पावलाची लांबी. यात तिसरं काही नाही.

६:४८ च्या पेसला तुम्ही मिनिटाला १४७ मीटर कापता. त्याला १७२ ने भागलं की एक पाऊल साधारण साडेपंच्याऐंशी सेंटिमीटरचं येतं. ६:३५ ला मिनिटाला १५२ मीटर होतात, त्याला १६० ने भागलं की ९५ सेंटिमीटर. म्हणजे दर पावलाला जवळजवळ दहा सेंटिमीटर जास्त ताणलंत आणि हाती लागले किलोमीटरमागे तेरा सेकंद. कारण पाऊल लांबलं तशी मिनिटाला पावलंही बारा कमी पडली.

आता दुसरा रस्ता बघा. समजा तुम्हाला ६:१५ हवा आहे. त्याला मिनिटाला १६० मीटर लागतात. केडन्स १७२ वरून १७६ केलीत तर पाऊल लागतं ९१ सेंटिमीटरचं. म्हणजे ज्या पावलाने तुमची नडगी दुखावली, त्याहून हे चार सेंटिमीटर आखूड आहे आणि पेस मात्र वीस सेकंदांनी सरस. १५५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला हे पाऊल झेपणार नाही असं गणितात तरी कुठे दिसत नाही.

उंचीचा समज कुठून येतो, याबद्दल मला वाटतं ते सांगतो. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे पाऊल पायाच्या लांबीला बांधलेलं असतं. उंच माणसाबरोबर चालताना आपली धांदल उडते ती यामुळे. धावताना मात्र प्रत्येक पावलात एक क्षण दोन्ही पाय हवेत असतात आणि पावलाची लांबी मुख्यतः तिथे ठरते, जमिनीला मागे किती जोराने रेटलं यावर. केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे, उंची १६७ सेंटिमीटर. २०२२ मध्ये बर्लिनला त्याने २:०१:०९ अशी मॅरेथॉन धावली. म्हणजे मिनिटाला ३४८ मीटर. केडन्स १८५ धरली तरी दर पाऊल १८८ सेंटिमीटरचं होतं. त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा एक वीतभर लांब, आणि तेही दोन तास! हे काही पायाच्या लांबीतून येत नाही.

फातोर्डेकर

गणितीबाब, हिशोब बरोबर आहे, पण मला हे पूर्ण पटत नाही. मी फुटबॉलवाला. आमच्याकडे विंगला उंच, लांब पायांचा मुलगा असला की मोकळ्या जागेत त्याला कोणी गाठू शकत नाही. उसेन बोल्टचंच घ्या. १९५ सेंटिमीटर उंची. २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंद, आणि शंभर मीटरला पावलं फक्त ४१ च्या आसपास. बाकीच्यांना तीन-चार जास्त लागतात. हा उंचीचा फायदा नाही तर काय?

आणि कुठल्याही रविवारी मिरामारला उभे राहून बघा. पुढच्या घोळक्यात उंच लोक, मागच्यात बुटके. आता डोळ्यांना दिसतं ते नाकारायचं कसं?

फिजिओ_मडगाव

फातोर्डेकर, तुम्ही जे पाहता ते खोटं नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा.

पुढच्या घोळक्यात उंच लोक असतात, पण ते उंच लोक कोण? बहुतेक पुरुष. मागे कोण? बहुतेक बायका. पुरुषांची सरासरी उंची जास्त असते हे खरंच. पण त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असतं, स्नायूंचं प्रमाण जास्त आणि चरबीचं कमी असतं. अव्वल पातळीवरच्या मॅरेथॉनमध्ये पुरुष आणि स्त्रियांच्या वेळेत साधारण दहा टक्क्यांचं अंतर राहतं ते या कारणांनी. हौशी ग्रुपमध्ये त्यात आणखी गोष्टींची भर पडते. कोण लहानपणापासून खेळत आलाय, कोणाला पहाटे पाचला घराबाहेर पडायची मोकळीक आहे, कोणाला आधी मुलांचे डबे करावे लागतात. उंची या सगळ्यांच्या सोबतीने येते, म्हणून तीच कारण आहे असं वाटतं. तुलना करायचीच तर बाईची बाईशी करा, तीही साधारण त्याच वयाच्या आणि तेवढाच सराव असलेल्या बाईशी. मग पुढे-मागे असण्याचा उंचीशी मेळ बसतो का, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

बोल्टचं उदाहरण खरं आहे, पण शेली-ॲन फ्रेझर-प्राइसची उंची आहे १५२ सेंटिमीटर. आपल्या पहाटवाराताईंपेक्षाही कमी. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण तिचं, २०२१ मध्ये तिने १०.६० सेकंदांची वेळ दिली. बोल्ट कमी पावलांत धावला, ही जास्त पावलांत धावली, आणि दोघंही पहिले आले. पीटर वेयांड आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं होतं की जास्त वेगाने धावणारे हवेतला पाय इतरांपेक्षा फारसा भरभर पुढे आणत नाहीत. ते जमिनीला जास्त जोर लावतात. तो जोर सरावाने वाढतो.

लांब पल्ल्यात तर उंचीचा पसारा आणखी मोठा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं सुवर्ण जिंकणारी जपानची मिझुकी नोगुची १५० सेंटिमीटरची. तिथल्या उन्हात आणि चढांवर २:२६:२०, म्हणजे किलोमीटरला ३:२८. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ १७३ ची, २००३ मध्ये लंडन मॅरेथॉनला २:१५:२५. इथियोपियाचा लांब पल्ल्याचा धावपटू हेले गेब्रसेलासी १६५ चा. आणि २०१० मध्ये १० हजार मीटर २७ मिनिटांच्या आत धावलेला अमेरिकेचा ख्रिस सोलिन्स्की १८५ सेंटिमीटरचा, वजनानेही चांगला ७० किलोंच्या वर. सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसात पस्तीस सेंटिमीटरचा फरक.

आता नडगी. ताई, यात वेळ घालवू नका. पाऊल मुद्दाम लांब टाकलं की टाच गुडघ्याच्या बरीच पुढे पडते, पाय ताठ असतो आणि दर पावलाला थोडा ब्रेक लागतो. तो धक्का नडगी आणि गुडघा सोसतात. तुमची धाप आणि तुमचं दुखणं दोन्ही बहुधा याचंच. १९८२ मध्ये कॅव्हना आणि विल्यम्स यांनी मोजून पाहिलं होतं, अनुभवी धावपटू आपोआप जी पावलाची लांबी निवडतात तिच्या जवळपासच त्यांना सगळ्यात कमी ऑक्सिजन लागतो. पाऊल बळेच लांबवलं की खर्च वाढतो. आणि २०११ मध्ये हायडरशाईट यांच्या गटाने हौशी धावणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात, वेग तोच ठेवून केडन्स पाच ते दहा टक्के वाढवली तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो असं दिसलं.

हाड बोटाने दाबून बघा. नडगीवर बरंच अंतर खाली-वर दुखत असेल तर विश्रांती आणि पावलं आखूड करणं यावर बहुतेक भागतं. पण एकाच बिंदूवर कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणं लगेच बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते.

पहाटवारा

खूप आभार. दाबून पाहिलं, पोटरीच्या कडेने चार-पाच बोटं एवढ्या भागात दुखतंय, एका जागी नाही. रात्री काही त्रास नाही. आता काही दिवस नुसतं चालणार.

डब्यांचं लिहिलंत ते अगदी खरं.

म्हापसेकर

मी इथला उंच माणूस. १८५ सेंटिमीटर, वजन ८६. माझा अनुभव या चर्चेत यायला हवा, कारण आमच्याबद्दल सगळ्यांचा समज उलटा आहे.

जानेवारीत, वारा सुटलेला असतो तेव्हा, मी पुढच्या घोळक्यात असतो. एप्रिल लागला की मागे पडायला लागतो. मे महिन्यात तर कळंगुटच्या रस्त्यावर सहा किलोमीटरनंतर माझा पेस किलोमीटरला मिनिटभराने घसरतो आणि माझी बायको, जी माझ्याहून वीतभर बुटकी आहे, ती त्याच तालात पुढे निघून जाते. सराव दोघांचा सारखाच. बुटांतून पाणी पिळून काढावं इतका घाम मला येतो. हे काय आहे, कोणी सांगेल का?

फिजिओ_मडगाव

म्हापसेकर, खरं तर गोव्यातल्या माणसाने उंचीचा विचार करायचा तो इथेच.

धावताना शरीर जी ऊर्जा जाळतं तिचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडावा लागतो. ढोबळ हिशोब असा की एक किलो वजन एक किलोमीटर न्यायला सुमारे एक किलोकॅलरी लागते. म्हणजे उष्णता तयार होते वजनाच्या प्रमाणात. ती बाहेर पडते मात्र कातडीवाटे. आणि शरीर मोठं होतं तसं वजन ज्या वेगाने वाढतं, त्या वेगाने कातडी वाढत नाही. मोठ्या टोपातली पेज निवायला वेळ घेते आणि वाटीतली लगेच निवते, तसंच हे.

कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि मोठं शरीरही सांभाळून घेतं. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे साडेपाचलाही पारा २६-२७ च्या खाली जात नाही आणि हवा पाण्याने भरलेली असते. घाम निथळतो, पण उडत नाही. निथळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. शरीर आतून तापतं आणि मेंदू आपणहून वेग कमी करायला लावतो.

यावर नेमका अभ्यास झालाय. फ्रँक मॅरिनो, टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वजनांचे चांगले तयारीचे धावपटू त्यांनी १५, २५ आणि ३५ अंशांत धावायला लावले. गारव्यात वजनाचा वेगाशी संबंध दिसला नाही. ३५ अंशांत मात्र जड धावपटूंचा वेग जास्त घसरला आणि हलके आपला वेग बराचसा टिकवून राहिले. तुमची आणि वहिनींची कथा तीच आहे.

गणिती

फिजिओंच्या म्हणण्याला आकड्यांची जोड देतो. शरीराचं क्षेत्रफळ काढायचं ड्यू बॉय यांचं जुनं सूत्र आहे. त्यात म्हापसेकरांची उंची-वजन घातलं तर कातडी येते सुमारे २.१ चौरस मीटर. पहाटवारांची जवळजवळ १.५. म्हणजे म्हापसेकरांचं वजन ६९ टक्क्यांनी जास्त, पण थंड व्हायला जागा फक्त ४२ टक्क्यांनी जास्त. दोघं एकाच पेसने शेजारी-शेजारी धावले, तर म्हापसेकरांच्या कातडीच्या प्रत्येक चौरस मीटरला एकोणीस टक्के जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते.

यात लक्षात ठेवण्यासारखं हे, की त्रास देतं ते वजन. उंची त्याच्या मागून येते. १८५ चा सडपातळ माणूस १७० च्या जाड माणसापेक्षा बरा राहील.

फातोर्डेकर

हे पटलं. आमच्या दुपारच्या मॅचमध्ये सेंटर-बॅक सगळ्यात आधी का थकतात, त्याचं उत्तर मिळालं. बायका-पुरुषांच्या तुलनेचा मुद्दाही मान्य. पण छोट्या अंतरात उंचीचा काहीच फायदा नाही, हे मी अजून मानत नाही.

फिजिओ_मडगाव

"काहीच नाही" असं मीही म्हणणार नाही. आजचे शंभर मीटरचे अव्वल पुरुष साधारण उंचच असतात. पण या धाग्यावर आपण ५, १० आणि २१ किमीबद्दल बोलतोय.

क्रीडाशिक्षक_पेडणे

मी शाळेत खेळ शिकवण्यात आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. हा धागा वाचून राहवलं नाही.

उंची बघून मुलं निवडण्याची सवय आपल्याकडे फार खोलवर गेलेली आहे. तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या की रांगेतल्या उंच मुलांना आधी बाहेर काढतात: तू कबड्डी, तू व्हॉलीबॉल, तू धावणं. बुटकी मुलं रांगेत उभी राहतात. मी एक करायचो. सगळ्या वर्गाला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो आणि पहिल्या फेरीकडे बघायचोच नाही. पहिल्या फेरीत उंच मुलं पुढे असतात, कारण ती वयाच्या मानाने लवकर वाढलेली, ताकदवान असतात. पाचव्या-सहाव्या फेरीला चित्र बदलतं. तेव्हा पुढे येतं ते हलक्या अंगाचं, सरळ धावणारं, डोकं न हलवणारं मूल. अनेकदा ते वर्गातलं सगळ्यात लहान मूल असतं. त्याच्याकडे वेळेवर कोणी पाहिलं नाही तर ते कायमचं मैदानाबाहेर जातं. असं गेलेलं मूल मी पाहिलंय आणि ते अजून टोचतं.

म्हणून पहाटवाराताई, तुम्हाला जे सांगितलं गेलं ते मी हलक्यात घेत नाही. तिशी-चाळिशीत धावायला लागलेल्या बाईला "तुझी हद्द इथवरच" असं सांगणं म्हणजे तिला घरी बसवण्यासारखं आहे.

आता कामाचं बोलतो. आखूड पावलांची सवय लावायला दोरीउड्यांसारखा दुसरा व्यायाम नाही. रोज पाच-सात मिनिटं, उडी कमी उंचीची, चवड्यांवर, आवाज न होता. दोरीवर तुम्ही पाऊल लांब टाकूच शकत नाही, पाय आपोआप अंगाखाली पडतो. नडगी पूर्ण बरी झाल्याशिवाय मात्र सुरू करू नका. दुसरं, ओहोटीच्या वेळी घट्ट, ओल्या वाळूवर थोडं अनवाणी धावा. आमच्याकडे मोरजीला आणि केरीला तशी वाळू मिळते. धावून झाल्यावर मागे वळून स्वतःचे ठसे बघा. टाच खोल रुतलेली आणि तिच्यापुढे वाळूचा ढिगारा आलेला असेल तर तुम्ही ब्रेक लावत धावताय. ठसा सगळीकडे सारखा उमटला तर पाय बरोबर पडतोय. हे घड्याळ सांगत नाही. उताराच्या वाळूवर धावू नका, एका बाजूचा गुडघा धरतो.

मांडवीकाठ

मास्तर, ठशांचं सांगितलंत ते फारच उपयोगी. उद्याच मिरामारला करून बघतो.

फेरीबोट (दिवाडी)

माझी उंची पाच फूट, वय ५६. धावायला लागले तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. दिवाडीला राहते, त्यामुळे सराव खाजन शेतांच्या बाजूच्या सपाट रस्त्यांवर, आणि पियेदादची टेकडी चढायची असली की तिथे. अर्ध-मॅरेथॉन अडीच तासांच्या आत पूर्ण करते.

मला एकच लिहायचं होतं. माझ्या पेसमध्ये मोठा बदल झाला तो दोन गोष्टींनी. एक, मी हळू धावायला शिकले. आठवड्यातले बहुतेक दिवस शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने धावते. एखादाच दिवस जोरात. दुसरं, लोहाची कमतरता निघाली आणि ती भरून काढली. हिमोग्लोबिन नऊवर होतं आणि मी पायांना दोष देत होते. धावणाऱ्या प्रत्येक बाईने, पेसची चिंता करण्याआधी, एकदा रक्त तपासून घ्यावं. उंची बदलत नाही, हिमोग्लोबिन बदलतं.

फिजिओ_मडगाव

फेरीबोट, हा मुद्दा मी आधी मांडायला हवा तितका महत्त्वाचा आहे. सोबत फेरिटिनही तपासावं. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि लोहाचा साठा मात्र तळाला गेलेला असतो, असं बायकांमध्ये खूपदा आढळतं. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या.

साळावली (सांगे)

एक शंका. सगळीकडे १८० केडन्स असावी असं वाचायला मिळतं. मी १७८ सेंटिमीटर उंच, माझी केडन्स १६४. ती १८० करायला गेलो की नाडीचे ठोके वाढतात. उंच माणसालाही १८० च हवी का?

फिजिओ_मडगाव

नाही. तो आकडा प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या निरीक्षणातून आला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावलं मोजली आणि लांब पल्ल्याचे जवळजवळ सगळे १८० किंवा त्याहून जास्त निघाले. ते लोक किलोमीटरला तीन मिनिटांच्या आसपास धावत होते. वेग वाढला की केडन्स वाढतेच. सहा-सातच्या पेसला धावणाऱ्या हौशी माणसाने तोच आकडा गाठायचा हट्ट धरू नये. शिवाय लांब पायांच्या माणसाची केडन्स थोडी कमी असणं स्वाभाविक आहे. उंचीचा धावण्यावर खरोखर दिसणारा परिणाम म्हणाल तर हा एक. त्याने पेस ठरत नाही, ताल ठरतो. तुम्ही १६४ वरून १७० पर्यंत, सावकाश, महिन्या-दोन महिन्यांत जाऊन बघा. दुखणं काही नसेल तर तेवढंही नाही केलं तरी चालेल.

आणि म्हणूनच उंच आणि बुटक्या माणसाने शेजारी धावताना एकमेकांच्या पावलाशी पाऊल जुळवू नये. ग्रुपमध्ये हे नकळत होतं. पहाटवाराताई, तुम्ही रविवारी कोणाच्या शेजारी धावता तेही बघा.

म्हापसेकर

मे महिन्यात काय करू, तेही सांगा. थांबायचं नाही मला.

फिजिओ_मडगाव

पाच वाजता सुरू करा, साडेसहाच्या आत संपवा. जानेवारीतल्या पेसशी तुलना सोडून द्या, दम आणि नाडी बघा. पहिले तीन किलोमीटर मुद्दाम हळू धावा म्हणजे आत उष्णता साठायला उशीर लागेल. सुती बनियन घालत असाल तर बदला, ते ओलं होऊन अंगाला चिकटून राहतं. डोक्यावर आणि मानेवर पाणी ओता. प्यायला नुसतं पाणी नको, मीठ घातलेलं लिंबूपाणी किंवा कोकमाचं सरबत मीठ घालून चालेल. आणि चक्कर, अंगावर काटा, घाम अचानक थांबणं, बोलताना शब्द अडखळणं, यातलं काही झालं तर धावणं तिथेच थांबवा, सावलीत बसा, अंगावर पाणी घ्या आणि सोबतच्या माणसाला सांगा. एकटे धावू नका त्या दिवसांत.

पहाटवारा

धागा वर आणते आहे, कारण सांगण्यासारखं आहे.

नडगी पूर्ण शांत झाल्यावरच पुन्हा सुरुवात केली. दोरीउड्या मास्तरांनी सांगितल्या तशा, आवाज न करता. मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक तालात टकटक करणारं ॲप) १७६ ला लावून सुरुवातीला एक-एक किलोमीटरच धावले. पहिल्यांदा फार विचित्र वाटलं, पायांखाली रस्ता पळतोय असं. मग सवय झाली. फेरीबोटताईंचं वाचून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बरं निघालं, फेरिटिन कमी होतं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत.

मागच्या रविवारी कांपालला ५ किमी ३१ मिनिटं ३० सेकंदांत धावले. किलोमीटरला ६:१८, केडन्स १७७. गणितीबाबांच्या पद्धतीने भागून पाहिलं, पाऊल नव्वद सेंटिमीटरहून किंचित कमी. साडेसहाच्या खाली आले आणि शेवटपर्यंत टिकले. १० किमीला हे अजून जमणार नाही, त्याला वेळ लागेल.

त्या गृहस्थांना मी हा धागा वाचायला दिला. त्यांनी तो वाचला आणि आता ग्रुपची विभागणी पेसप्रमाणे नव्हे तर बोलत धावता येतं त्या वेगाप्रमाणे करू, असं त्यांनीच सुचवलं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

आता एक प्रश्न मास्तरांना. सपाटीवर ताल जमतो, पण फर्मागुढीच्या चढावर केडन्स १६५ वर येते आणि पाऊल पुन्हा पुढे पडायला लागतं. काय करू?

क्रीडाशिक्षक_पेडणे

वाचून फार बरं वाटलं, ताई.

चढावर घड्याळातला पेस बघूच नका. तिथे पाऊल आणखी आखूड करायचं, सपाटीवरच्या तीन-चतुर्थांश, आणि ताल १७५ च्या आसपास धरायचा. नजर पायांकडे नको, दहा-बारा पावलं पुढच्या रस्त्यावर ठेवा. कंबरेतून वाकू नका, घोट्यातून सगळं अंग थोडं पुढे कलतं ठेवा. ताल सुटतोय असं वाटलं की हात भरभर हलवा, कोपर मागे न्या. पाय हातांच्या मागे येतात. दम फुललाच तर वीस पावलं चाला, पण चालतानाही आखूडच.

चढ संपून सपाटी लागली की सगळेजण सुटकेने पावलं लांब टाकतात आणि नडगी पुन्हा तिथे धरते. वर पोचल्यावर शंभरेक मीटर तोच आखूड ताल ठेवा, मग हळूहळू नेहमीच्या पावलावर या. उतरताना तर शक्यतो चालतच उतरा, निदान हा महिना तरी.

पहाटवारा

समजलं, मास्तर. उद्यापासून करते. उतार मी धावतच उतरत होते.